पक्क्या नाकाचे कैदी

लोणावळा
३ ऑगस्ट १९४१

प्रिय मेहबूब,

दुवा. तुझ्या आईच्या बरसीला तू आला नाहीस. सुटी मिळाली नाही म्हणतोस, मिळाली नसेल. ती तक्रार आज बाजूला ठेवते, कारण आज काम आहे.

माझ्याकडे वडिवळ्याची अंबूबाई येते. कामशेतला गाडीत बसते, इथल्या बाजारात तांदूळ विकते आणि परतताना तिच्या नवऱ्याचं पत्र माझ्याकडून वाचून घेते. नवरा हौशीराम तुमच्या उर्स्याच्या माळावरच्या कैदी छावणीत आहे. राखीव रानातला एक साग तोडला, गार्डाने कुऱ्हाड हिसकावली, तर याने त्याला काठी घातली. गार्डाचा हात मोडला नाही, अब्रू मोडली. म्हणून दोन वर्षं सक्तमजुरी.

कालच्या पत्रात तो लिहितो, "मी रंगशेडमधी हाय. नाकातून रगत येतंया. काळजी करू नगस." मी एकतीस वर्षं मुंबईच्या इस्पितळात नर्स होते. ज्या पत्रात काळजी करू नकोस असं असतं, ते पत्र मी दोनदा वाचते.

तू तिथे कंपाउंडर आहेस. त्याला बोलाव, उजेडात बसव, नाकात बघ आणि काय दिसलं ते मला कळव. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या, ताठ बसणं आणि सरळ बोलणं. पहिली आता कंबर करू देत नाही. दुसरी अजून जमते, तेव्हा उत्तर सरळ पाठव.

तुझी खाला,
अजीजुन्निसा

*

उर्से छावणी
२१ ऑगस्ट १९४१

आदरणीय खाला,

तसलीम. बरसीला न आल्याची मलाच शरम आहे. इथे तीनशे कैद्यांमागे मी एकटा कंपाउंडर. डॉक्टर फक्त बुधवारी येतात. ताप, खरूज, जुलाब यांतच दिवस जातो.

हौशीरामला पाहिलं. धिप्पाड गडी आहे, हसतमुख. नाकात खपल्या आहेत, बोटांच्या पेरांवर दोन-तीन फोड. मी मलम दिलं. रंगशेडमध्ये लष्कराचं कापड खाकी रंगवतात. हौदांची वाफ असते, पत्रा तापतो, आणि उष्णतेने नाक फुटतंच. रंग मातीचाच असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मी त्याला आजारी यादीत घालत होतो, तर त्याने माझे पाय धरले. कारण सांगतो. इथे चांगल्या कामाबद्दल सजेतून दिवस माफ होतात. साध्या कामावर महिन्याला चार, रंगशेडवर आठ. आजारी यादीत गेला की माफी बंद. हौशीरामची सजा पुढच्या साली १० नोव्हेंबरला संपते. शेडवर टिकला तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुटेल, नाहीतर ऑगस्टअखेर. त्याला भाताच्या लावणीआधी घर गाठायचं आहे. यादीत घातलं असतं तर त्याचं नुकसान झालं असतं, म्हणून घातलं नाही.

तुमचा,
मेहबूब

*

लोणावळा
६ सप्टेंबर १९४१

प्रिय मेहबूब,

पत्र पोचलं. अंबूबाईला वाचून दाखवलं. दिवस माफ होतात हे ऐकून ती दारातच बसली आणि बोटांवर महिने मोजू लागली.

लावणीचं खरं कारण तिने सांगितलं. दोन खाचरं आहेत, वरचं आणि खालचं, आणि वाटण्या झालेल्या नाहीत. बैल दीर भिमाजीच्या दावणीला. तो म्हणतो, "लावणीला हौशा नसला तर मी लावीन, आन् लावील त्येचं खाचर." त्यांच्या गावात बाईने नांगराला हात लावायचा नसतो. ती रोप लावू शकते, पण चिखल कोण करणार?

मी म्हटलं, "दिराला चार शब्द सुनाव की."

म्हणाली, "मावशी, मी चाळीस सुनावते. त्यो बैलाकडं बघत ऱ्हातो."

म्हणजे तुझं म्हणणं पटलं. त्याला यादीत घालू नकोस. पण त्याला लिंबू मिळेल असं बघ. हिरड्यांतून रक्त येतं का तेही विचार. कैद्यांच्या जेवणात हिरवं पान दिसत नाही, तेव्हा नाकाचं रक्त त्यामुळेही असेल. आणि "मातीचाच रंग" हे तू डोळ्यांनी पाहिलंस की ऐकलंस, ते लिहायचं राहिलं आहे.

अजीजुन्निसा

*

उर्से छावणी
२६ ऑक्टोबर १९४१

आदरणीय खाला,

तसलीम. ईद मुबारक. तुम्ही पाठवलेला शीरखुर्म्याचा मेवा पोचला. इथे दूध पातळ, तरी चव तुमच्या हातची आली.

आनंदाची बातमी आहे. हौशीरामचं रक्त थांबलं. तीन आठवडे एक थेंब नाही. खपल्या नाहीत, दुखणं नाही. मी बुकात त्याच्या नावापुढे "बरा" असं लिहिलं आणि डॉक्टरांनी सही केली. लिंबू मिळवणं कठीण होतं, पण आता त्याची गरज राहिली नाही. शेडचा मुकादम बजरंग, तोही कैदीच, हौशीरामवर खूश आहे. त्याला मुख्य हौदावर बढती दिली.

अंबूबाईला सांगा, जुलैला नक्की.

मेहबूब

*

लोणावळा
३ नोव्हेंबर १९४१

प्रिय मेहबूब,

शाबास. एवढंच लिहायला हे कार्ड. अंबूबाईने तुझ्यासाठी आदपाव नवे पोहे दिले आहेत, कोणी येणारं भेटलं की पाठवते. ती म्हणते, "कंपौंडरसायबाच्या हाताला गुन हाय." मी म्हटलं, आमच्या घराण्यातलाच आहे. म्हातारपणी माणूस दुसऱ्याच्या फुशारकीवर जगतो.

अजीजुन्निसा

*

उर्से छावणी
ता. ७ डिसेंबर १९४१
(कैद्याचे पत्र. तपासले.)

अंबूस हौशीरामाचा रामराम. लिवनार सोपान, शेडमधलाच हाय, शाळा शिकल्याला. मी सांगतो तसंच लिवतोय.

मी खुशाल हाय. नाकाचं लय हसू झालंय, ते सांगतो. आमा शेडवाल्यांस्नी समदी छावनी बुलाकवाले म्हंती. कारन आमच्या नाकाच्या मदल्या पडद्याला आरपार भोक पडतंय. बायास्नी बुलाक घालाया टोचत्यात तितंच. सोपान काडी हिकडनं घालून तिकडनं काडतो आन् समद्यास्नी हसवतो. दुकत न्हाई, देवाशपत. भोक पडोस्तवर रगत, खपल्या, रातभर चुरचुर. यकदा आरपार झालं की समदं थंड. मुकादम म्हनतो, "आता पक्का झाला गडी." पक्क्या गड्याला म्होरल्या हौदावर घेत्यात, तितं नारिंगी खडं इरगळत्यात. कच्चं गडी सारकं दवाखान्यात पळत्यात, म्हून मुकादमाला पक्का पायजे.

कंपौंडरसायब म्हनाले, घरी गेल्याव बुजंल. तुज्या कानाचं कुड्या काडल्याव बुजलं, तसंच. तर तू काळजी करू नगस. भिमाजीला सांग, हौशा जुलैला येतोय.

मावशीला रामराम.

*

लोणावळा
१५ डिसेंबर १९४१

मेहबूब,

तू त्याच्या नावापुढे "बरा" असं लिहिलंस.

हौशीरामचं पत्र अंबूबाईला वाचून दाखवताना मी मध्येच थांबले. तिला वाटलं चष्म्याचा त्रास. ती हसत होती. "ह्यांना बुलाक! दिसंल तरी कसा ध्यान!" म्हणत होती. मी तिला चहा दिला आणि घरी पाठवलं. खरं सांगायला माझी जीभ उचलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच जिभेने दगा दिला.

नारिंगी खडे म्हणजे क्रोम, कातडी खाणारा क्षार. माती नव्हे. मुंबईला गिरणीच्या रंगखात्यातले कामगार आमच्या वॉर्डात यायचे. पेरांवर खोल खळगे, जणू कोणी पेन्सिलीने टोचलं आहे. आणि नाकाचा पडदा आरपार. भोक पडताना त्रास, पडल्यावर शांत. शांत होतं कारण दुखायला तिथे काही उरत नाही. मांडीखालून पाय गेला की गुडघा दुखायचा थांबतो, त्याला तुम्ही बरा म्हणता का? आणि मला ऑक्टोबरात कळायला हवं होतं. "तीन आठवडे एक थेंब नाही" हे वाचून मी शाबासकीचं कार्ड टाकलं. ती शरम माझी. पण मी त्या नाकात पाहिलं नव्हतं. तू पाहिलं होतंस.

ते भोक बुजत नाही. कानाच्या पाळीला मांस असतं, या पडद्याला कूर्चा, आणि ती पुन्हा भरून येत नाही. तुला परीक्षेत हे विचारलं असेल आणि तू बरोबर लिहिलं असशील. मग त्याला खोटं का सांगितलंस? किती जणांना सांगितलंस? आणि तीच वाफ खाली छातीत जाते, त्याचं काय?

गिरणीतला कामगार निदान काम सोडून गावी पळू शकत होता. यांना कुठे पळायचं?

आकडा लिही. विशेषण नको.

अजीजुन्निसा

*

उर्से छावणी
२ जानेवारी १९४२

आदरणीय खाला,

तुमचं पत्र मी वाचलं आणि दोन दिवस खिशात ठेवून फिरलो.

शेडवर एकतीस माणसं. बावीस जणांच्या पडद्याला भोक. सहा जणांना पडायच्या वाटेवर. खोकला अकरा जणांना. बावीसही जणांपुढे मी "बरा" असंच लिहिलं आहे, कारण बुकात तीनच रकाने आहेत, आजारी, बरा, मयत. मी छावणीच्या साहेबांना एकदा बोललो होतो. ते म्हणाले, लढाई चालू आहे, खाकी कमी पडू देता येणार नाही, आणि माणसं तर आपखुशीने शेड मागतात. तेही खोटं नाही, खाला. आठ दिवसांसाठी ते रांग लावतात.

बुजेल असं मी पहिल्यांदा एका पोराला सांगितलं, तो रडत होता म्हणून. त्याने दुसऱ्याला सांगितलं. मग सगळेच येऊन विचारू लागले, "बुजतं ना सायब?" नाही म्हणायला तोंड उघडलं की समोर ते एकतीस चेहरे. मी थकलो आहे. रोज संध्याकाळी वाटतं, उद्या सांगू.

हात जोडून विनंती, हे कुठे लिहू नका. आकडे फक्त माझ्याजवळ आहेत. कुठून बाहेर गेले ते लगेच कळेल.

मेहबूब

*

लोणावळा
१९ जानेवारी १९४२

मेहबूब,

मी लिहिलं आहे.

तुरुंगांवर देखरेख करणारं जे सरकारी मंडळ असतं, त्यावर एक बाई आहे. कॉन्व्हेंटात ती माझ्या शेजारच्या बाकावर होती आणि माझी गणितं उतरवायची. आता मोठ्या घरची आहे. तिला मी सहा पानं इंग्रजीत पाठवली, सिस्टरांनी सुद्धा लाल रेघ मारली नसती अशी. तुझं नाव घातलं नाही. बावीस हा आकडा घातला. त्याशिवाय कोणी ऐकत नाही. तुझ्यावर येईल ते तू सोस. मी तुझ्या आईला शब्द दिला होता की तुझ्याकडे बघेन. खोट्या बुकावर सही घेत म्हातारा झालेला मुलगा बघण्याचा शब्द नव्हता दिला.

तिचं उत्तर आलं. येत्या महिन्यात ती पाहणीला येणार आहे. एकदाची ती माणसं शेडबाहेर येतील.

अजीजुन्निसा

*

उर्से छावणी
२७ फेब्रुवारी १९४२

आदरणीय खाला,

पाहणी झाली. काय झालं ते क्रमाने लिहितो.

मंडळ येणार हे साहेबांना आठ दिवस आधी कळलं. सोमवारी सगळ्या शेडवाल्यांना माझ्यापुढे उभं केलं. मुकादम बजरंगने एकेकाच्या नाकात काडी घातली. ज्यांची आरपार गेली ते बावीस एका बाजूला. वाटेवरचे सहा त्यांच्यात. त्या सगळ्यांना शेडमधून काढून खडी फोडायला पाठवलं. त्यांच्या जागी अठ्ठावीस नवे आणले, नाकं साफ असलेले. गुरुवारी तुमच्या मैत्रीण आल्या. त्यांनी स्वतः कंदील धरून शेडमधल्या माणसांची नाकं पाहिली, एकाही पडद्याला भोक नाही. त्या फार शांतपणे म्हणाल्या, म्हातारपणी माणसांना कल्पना सुचतात. शेरेबुकात "समाधानकारक" असं लिहून गेल्या.

मला साहेबांनी बोलावलं. बावीसचा आकडा त्यांच्यापुढे होता. माझी पगारवाढ थांबवली. कामावर ठेवलं, कारण दुसरा कंपाउंडर मिळत नाही.

खडीवर गेलेल्यांची माफी आठाची चार झाली. हौशीराम आता जुलैच्या अखेरीस सुटेल. लावणी तोवर संपलेली असेल.

नव्या अठ्ठावीस जणांपैकी चौघे काल नाक धरून माझ्याकडे आले.

मेहबूब

*

उर्से छावणी
ता. १५ मार्च १९४२
(कैद्याचे पत्र. तपासले.)

मावशीस हौशीरामाचा रामराम. हे पत्र अंबूचं न्हाई, तुमचं हाय. म्हैन्यातलं माजं एकच पत्र, ते तुमच्यावर खर्चलं.

तुमी लई शिकल्याल्या. तुमी वर कुटंतरी लिवलं म्हून आमास्नी शेडातनं काडलं, असं समदे म्हंत्यात. भल्यासाटीच लिवलं आसंल. पन मावशी, माजं नाक, माजी सजा, माजं खाचर. तुमी मला इचारलं का? पोस्टाचं एक कारड टाकलं आसतं तर मी सांगितलं आसतं. नाकाचं काय, घरी गेल्याव बुजतंय. म्या आठ म्हैने सोसलं, भोक पडलं, पक्का झालो, आता सुखाचं दिस आल्ते तर तुमी मला उटवलं. माजं वीस दिस गेलं. भिमाजी खाचरात उतरल्याव मी घरी येऊन काय बांधावर बसू?

राग मानू नगा. सोपान म्हनतो हे लिवू नगं. मी म्हनलं लिव.

*

लोणावळा
१४ एप्रिल १९४२

प्रिय मेहबूब,

रविवारी मी तुमच्या छावणीत येऊन गेले. कैद्यांना भेटण्याचा वार होता. तू त्या दिवशी सुटी घेतलीस असं पहारेकऱ्याने सांगितलं. आईच्या बरसीला न मिळणारी सुटी खालाला चुकवायला मिळते, चांगली गोष्ट आहे.

हौशीरामचं पत्र मला मार्चात आलं. त्याने विचारलेला प्रश्न बरोबर आहे. मी त्याच्या बायकोला विचारलं नाही, त्याला विचारलं नाही, तुझी विनंती झिडकारली आणि सहा पानं लिहिली. आपण बरोबर आहोत हे माहीत असलं की माणूस विचारायचं विसरतो. एकतीस वर्षं मी रोग्यांना अशीच उठवत बसवत आले. इस्पितळात ते चालतं, कारण रोगी घरी जातो.

म्हणून अंबूबाईला घेऊन गेले. जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तो. वेळ दहा मिनिटांची. पहिली दोन दोघं एकमेकांकडे बघण्यात गेली. मग मी सांगितलं, "हौशीराम, तुमच्या नाकाचं ते भोक बुजणार नाही."

तो हसला. "बुजतं की मावशी. सायब म्हनाले."

"साहेब खोटं बोलले. तो माझा भाचा आहे, म्हणून मी सांगते."

"कंदीच न्हाई?"

"कधीच नाही."

अंबूबाई म्हणाली, "आवो, माज्या कानाचं बुजलं की." मी तिला पाळी आणि पडदा यांतला फरक सांगितला. मग छातीबद्दलही सांगितलं, जेवढं मला ठाऊक आहे तेवढं. मला वाटलं तो माझ्यावर ओरडेल. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने जाळी धरली. मग म्हणाला, "आन् मी त्या अठ्ठावीस जनांना काय सांगितलं!"

मी विचारलं, काय?

"नवी पोरं रगत बघून भेली. मला म्हनली, हौशाभाऊ, तू पक्का, तू सांग. म्या सांगितलं, सोसा रं, दोन म्हैने सोसा, मग सुख हाय, घरी गेल्याव बुजतंय. माजं ऐकून त्यातले कितीक थांबल्यात. सायबाचं त्यास्नी पटत न्हवतं. माजं पटलं."

पहारेकरी वेळ झाली म्हणाला. हौशीराम अंबूबाईला म्हणाला, "आता म्या त्यास्नी खरं सांगनार. त्ये काम टाकत्याल. मंग मुकादम माजं नाव घील. माफीचं समदं दिस जात्याल, आदीचं बी. नवंबरला यीन. जमंल का तुला?"

ती म्हणाली, "मला इचारताय व्हय? आता? जावा, सांगा जावा. खाचराचं मी बघते."

परतताना गाडी कामशेतला थांबली तेव्हा अंबूबाई उठली. उतरताना म्हणाली, "मावशी, त्येंला न्हाई सांगितलं आसतं तर जुलैला आलं आसतं."

तू काय करणार ते तुझं तू ठरव. मी आता कोणाला काही सांगत नाही.

अजीजुन्निसा

*

उर्से छावणी
९ मे १९४२

आदरणीय खाला,

तुमच्या पत्राला लगेच उत्तर देणार होतो. त्याआधीच ते घडलं.

एकवीस एप्रिलला सकाळी शेडवरचे अठ्ठावीस जण दारातच बसले. हौदाकडे कोणी जाईना. साहेब आले, काठ्या आल्या. हौशीराम खडीच्या ढिगावरून उठून त्यांच्यात जाऊन बसला. साहेब म्हणाले, नाक बुजतं, कंपाउंडरला विचारा. आणि मला पुढे केलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. हौशीराम बघत नव्हता, तो जमिनीकडे बघत होता. मी म्हणालो, "बुजत नाही." आवाज फार लहान आला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

शेड अकरा दिवस बंद राहिलं. आता पुन्हा चालू आहे. हौदांवर झाकणं बसवली, नाकात लावायला मलम देतात आणि पाळी चार तासांची केली. भोकं पडायची थांबतील असं मला वाटत नाही. सावकाश पडतील. हौशीरामची सगळी माफी रद्द झाली. आठ दिवस अंधारकोठडीत होता. खोकला वाढला आहे. सुटका १० नोव्हेंबर.

मला नोकरीवरून काढण्याची नोटीस मिळाली आहे. महिनाअखेर लोणावळ्याला येईन. खोली असेल तर सांगा, नसेल तरीही सांगा.

मेहबूब

*

लोणावळा
२४ जुलै १९४२

हौशीराम यांस,

रामराम. हे पत्र तपासणारे वाचतील. त्यांनी खुशाल वाचावं.

लावणी झाली, तिची हकिकत अंबूबाईने सांगितली ती लिहिते. वरचं खाचर भिमाजीने लावलं. ते गेलं असंच धरा. पंच काही बोलले नाहीत. खालच्या खाचरात तो उतरायच्या आदल्या दिवशी अंबूबाईने शेजारच्या वाडीतून एक बैलजोडी मागून आणली आणि स्वतः औत धरलं. गाव बांधावर जमलं. कोणी म्हणालं पाऊस जाईल, कोणी म्हणालं गावावर आफत येईल. तिने कोणाकडे बघितलं नाही. दुपारनंतर दोन बायका रोप घेऊन खाली उतरल्या, आणखी दोघी त्यांच्यामागून. संध्याकाळी लावून झालं. भिमाजी म्हणतो, बाईने चिखल केलेलं खाचर लावलेलं म्हणून मी मोजणार नाही. ती म्हणते, नको मोजूस, भात मोजून घे.

मेहबूब माझ्याकडे आहे. दिवसभर बसून असतो. मी त्याला टोमणे मारते, तेवढाच संसार. बाजारातल्या दुकानात औषधाच्या पुड्या बांधायचं काम त्याला मिळेल असं वाटतं.

आता कामाचं. मंडळाला मला पुन्हा लिहायचं आहे. या वेळी बुकातले आकडे मेहबूबच्या सहीने जातील. मैत्रिणीला नाही, तिच्या वरच्यांना. तुमचं नाव, नाक आणि खोकला लिहावा लागेल. त्याने काही होईल असं वचन देत नाही. मागच्या वेळी झालं त्याहून वाईटही होईल. नोव्हेंबरची तारीख पुढे ढकलली जाऊ शकते. तुम्ही नाही म्हणालात तर कागद पेटीत राहील आणि मी त्याबद्दल पुन्हा बोलणार नाही.

लिहू का?

अजीजुन्निसा

*

उर्से छावणी
ता. १६ ऑगस्ट १९४२
(कैद्याचे पत्र. तपासले.)

मावशीस रामराम. खालचं खाचर लागलं, ह्ये ऐकून सोपानला दोनदा वाचाया लावलं. वरच्याचं वाईट वाटलं. तिच्या हातात औत कसं दिसलं आसंल, त्ये बघाया न्हवतो.

तुमच्या इचारन्यावर समदे रातभर बोललो. जुने बावीस, वाटंवरचे सहा, नवे अठ्ठावीस. काही न्हाई म्हनले, त्येंची सुटका जवळ आलीया. त्येंचं बरोबर हाय, त्येंची नावं घालू नगा.

बाकीचे येकेचाळीस जन व्हय म्हंत्यात. लिवा. माजं यकट्याचं लिवू नगा. सोपान खाली समद्यांची नावं आन् गावं लिवतोय. तपासनारानं खोडली, तर म्होरल्या म्हैन्याच्या पत्रात पुन्ना लिवू.